गफूरभाईने न घेतलेली शपथ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर बसलो तरी उघड शब्दांत नाही. मेहकरच्या बाररूममध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं—पण तिथे कुणी आपली चूक सांगितलीच, तर तीसुद्धा पक्षकाराच्या नावावर. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुमची-माझी ओळख नाही. निदान मी स्वतःला तसं सांगतो. खरं कारण हेच आहे का? की ज्यांना हे ऐकून त्रास झाला असता ती सगळी माणसं आता गेली, म्हणून मला कंठ फुटला? बघा, अजून काही सांगितलं नाही तोच मी माझ्या हेतूवर संशय घेतो आहे. ही खोड मला एका उन्हाळ्यात लागली. त्या उन्हाळ्याचंच सांगायचं आहे.

आमच्या वऱ्हाडातून कायदा शिकायचा तर नागपूरच—सरकार तिथे, मोठं कोर्ट तिथे. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी गावी आलो. रेल्वेने खामगाव, तिथून मोटारीने मेहकर, आणि मेहकरहून बैलगाडी. गाव आमचं जानेफळपासून दोन कोस. पुस्तकांची पेटी उतरवून घेताना आमचा म्हातारा गडी किसना म्हणाला, "लय जड हाय बापू. काय भरलं यात, खोटं बोलाचे कागद?" अंगणातली सगळी हसली. मीही हसलो. पण आत टिपून ठेवलं—हा असं का म्हणाला? कुणी शिकवलं याला?

तर असा मी झालो होतो. पुराव्याचा कायदा नुकताच वाचलेला. प्रत्येक बोलण्यामागे काहीतरी असतं, प्रत्येक माणूस काहीतरी गाळून सांगतो, हे डोक्यात घट्ट बसलेलं. माय म्हणाली, आज ताक नाही, तर माझ्या मनात येई—सकाळी तर रवीचा आवाज आला होता, मग ताक गेलं कुठे? कुणाला दिलं? हसू नका. म्हणजे हसा, पण पुढे हसू येणार नाही.

दुपारी दाराला ओलं गोणपाट लावून मी वाचायला बसायचो. घामाने पानं बोटांना चिकटत. एखादं कलम पाठ होतंय तोवर ओसरीवर कुणीतरी येऊन टेकायचं आणि हटकून विचारायचं, "मंग, झाला का वकील?" अजून दोन वर्षं आहेत म्हटलं की तो माणूस माझ्याकडे कच्च्या आंब्याकडे बघावं तसं बघायचा. "हाव का. मंग आत्ता काय कामाचा?" आणि पाणी पिऊन जायचा.

बाबांनाही तेच वाटत असावं. त्यांनी मला मेहकरला आमच्या वकिलांकडे बसायला धाडलं. वकीलसाहेब मोठे हुशार, पण मला नावाने हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. "ए नागपूर, नक्कल कर. ए नागपूर, पान आण." बाररूममध्ये मला खुर्ची नव्हती, कारकुनाच्या पत्र्याच्या पेटीवर बसायचो, आणि कारकुनाला पेटी उघडायची असली की उठायचो. एकदा एका दाव्याची मुदत उलटून गेली आहे हे माझ्या लक्षात आलं. मी भीतभीत सांगितलं. वकीलसाहेबांनी कागद पुन्हा पाहिला आणि "हं" म्हणाले. एवढंच. त्या "हं"वर मी कितीतरी दिवस जगलो, हे आज सांगायला लाज वाटते. पण तो उन्हाळा असाच होता. एवढीशी किंमत कुणी केली तर ती मला भाकरीसारखी लागत होती.

माझी खरी किंमत केली ती एकट्या गफूरभाईने.

गफूरभाई आमचा शेजारी. जातीचा बागवान, चाळिशीचा, बोलायला मऊ. आमच्या नाल्याकाठच्या शेतात दुमोटी विहीर आहे—एका अंगाला आमची मोट, दुसऱ्या अंगाला त्याची. विहीर आमच्या शेतात, पण अर्धं पाणी त्याच्या बागेला. कसं, तर माझ्या आजोबांच्या वेळी ती विहीर आटली. खाली काळा खडक लागला, फोडणारा मिळेना. तेव्हा गफूरभाईच्या बापाने आणि त्याच्या भावांनी महिनोन्महिने तो खडक फोडला, तेव्हा झरा लागला. आजोबा म्हणाले म्हणे, आजपासून आधं पाणी तुमचं. कागद झाला नाही. त्या वेळी कोण कागद करत होतं? गफूरभाई म्हणे, आजोबांनी पिढ्यान्‌पिढ्यांसाठी दिलं. बाबा म्हणत, "दिलं होतं. पन आपली गरज नव्हती तवरी." या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत गफूरभाईची सगळी बाग उभी होती—मिरची, वांगी, काकडी, नाल्याच्या वाळूत खरबुजं. बागेवर त्याचं घर चालत होतं. दुसरं काही नव्हतं.

उन्हं कलली की मी त्या बागेत जायचो, तिथे जरा गारवा असे म्हणून. आणि गफूरभाई मला बघताच आपल्या खोपीसमोर घोंगडी टाकायचा. "या वकीलसाहेब." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं—थट्टा करतो का? नव्हता करत. त्याने खरंच काहीतरी विचारायचं ठेवलं होतं.

जानेफळच्या बाजारात एका व्यापाऱ्याशी त्याचा खटका उडाला होता. कांद्याच्या गोणीचं काहीतरी. व्यापारी म्हणाला, मशिदीत चाल, कुराणावर हात ठेवून सांग, मी सोडून देतो. गफूरभाई गेला नाही. आपली गोणी सोडून दिली आणि घरी आला. आता तो मला विचारत होता, "बापू, उद्या कधी कोर्टाचं काम पडलं, तं तिथं कसम खाच लागते का?"

मी सरसावून बसलो. सांगितलं—नाही. कोर्टात नुसती प्रतिज्ञा करायची, खुदाला हजर समजून खरं सांगीन, एवढंच. कुराण नाही, मशीद नाही. त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग मोठा श्वास सोडला. "तेवढं तं मी बोलतोच. खरं सांगनं आन् कसम खानं, यात फरक हाय."

इथेच मी उठून गेलो असतो तर? पण मी विचारलं, "काऊन नाही खात कसम? खऱ्याचीबी नाही?"

त्याने जवळच्या खरबुजाच्या वेलीवरची वाळू झटकली. मग त्याने सांगितलं. त्याच्या बापाने एकदा एका बैलाच्या सौद्यावरून मशिदीत कुराण उचललं होतं. बोलला ते खरंच होतं. पण त्यानंतर लगेच गावात हैजा, म्हणजे पटकी, आला आणि थोरला मुलगा, गफूरभाईचा भाऊ, त्यात गेला. बापाच्या मनाने घेतलं की आपण बैलाच्या किमतीवर खुदाचं नाव लावलं, त्याने मुलाची किंमत घेतली. मरताना त्याने गफूरभाईकडून वचन घेतलं—खरं असो, खोटं असो, कसम खायची नाही. "आन् बापू," तो म्हणाला, "अम्मीले हे ठावं नाही. अब्बानं कुरान उचललं होतं हे तिले कोनीच नाही सांगतलं. तिले वाटते पोरगं नुसतं हैज्यानं गेलं. हे तिच्या कानावर गेलं, तं ती अब्बाले कबरीतबी माफ नाही करनार. ती जिती हाय तवरी हे वकिलाच्या पोटात राहू दे."

वकिलाच्या पोटात. असं म्हणून त्याने बागेतलं सगळ्यांत पिकलेलं खरबूज माझ्यासमोर फोडलं. मी ते खाल्लं. ती माझी पहिली फी होती, असं घरी येताना मला वाटलं, आणि छाती भरून आली.

आता विहिरीचं. त्या साली बाबांनी संत्र्याची कलमं लावली होती—मीच नागपूरच्या बाजूची म्हणून कौतुकाने आणवलेली. वैशाखात विहीर तळाला गेली. दोन मोटींना पाणी पुरेना. एके सकाळी किसनाने बाबांच्या सांगण्यावरून गफूरभाईच्या बाजूचं मोटेचं चाक उतरवून ठेवलं.

गफूरभाई ओसरीवर आला. बसला नाही. "पाटील, वांगी उभी जळून राह्यली," तो म्हणाला.

"माही कलमं काय सावलीत हायेत?" बाबा म्हणाले.

"पानी आधं माहं हाय."

"कोन म्हनते?"

"तुमचे बाप म्हनत होते."

बाबा उठून आत गेले. गफूरभाईने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाचं पान उलटलं. काही दिवसांनी मेहकरच्या कोर्टात त्याचा दावा दाखल झाला, आणि आम्ही प्रतिवादी झालो.

आणि मग माझ्या डोक्यात तो किडा शिरला. गफूरभाईने मला ती गोष्ट का सांगितली? नेमकी या वर्षी, नेमकी दाव्याच्या आधी? त्याला ठाऊक होतं का की हे प्रकरण कोर्टात जाणार? उद्या कुणी शपथ घाल म्हणालं तर निसटायला वाट असावी, म्हणून त्याने आधीच माझ्याजवळ पेरून ठेवलं? खरबूज कशाला फोडलं? कांद्याची गोणी खरंच होती का? मी जानेफळच्या बाजारात जाऊन त्या व्यापाऱ्याला आडून विचारलंसुद्धा. गोणी खरी होती. तर मला वाटलं, व्यापारीही सामील असेल.

तुम्ही म्हणाल, पोरवय, अर्धवट ज्ञान. तसं म्हणू नका. मला तो संशय खरंच आला होता, की मला तो हवा होता? माणूस लबाड आहे असं एकदा ठरवलं की त्याच्याशी काहीही करायला मोकळीक मिळते. मी तो संशय रोज पाणी घालून वाढवला, संत्र्याच्या कलमांसारखा.

शपथेच्या कायद्यात एक तरतूद होती. फारसं कुणी तिच्याकडे बघत नसे. मी दुपारच्या उन्हात, गोणपाटाआड, ती दहादा वाचली. एका पक्षाने दुसऱ्याला भर कोर्टात म्हणायचं—तू तुझ्या धर्माची अमुक शपथ घेऊन सांग, तू जे सांगशील ते मला कबूल. त्याने शपथ घेतली तर दावा तिथेच त्याच्या बाजूने संपतो. नाही घेतली तर कोर्ट जबरदस्ती करत नाही. त्याने नकार दिला आणि नकाराचं काय कारण सांगितलं, एवढं लिहून घेतं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, अशी तिसऱ्याला लागणारी शपथ मात्र चालत नाही. कुराण चालतं.

मी हे वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि त्याने उचललं कुराण तर? तुझ्या बापाची विहीर गेली."

"नाही उचलणार."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी कारकुनाला खुर्ची आणायला सांगितलं, आणि आपला पानाचा डबा माझ्याकडे सरकवला. त्या उन्हाळ्यातला माझा सगळ्यांत मोठा विजय तो. खुर्चीवर बसून मी पान लावलं, आणि बोटांना लागलेला चुना मला अजून आठवतो.

घरी बाबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आन् खाल्ली त्यानं तं?" मी म्हटलं, नाही खाणार. "काऊन पन?" मी सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, माझ्यावर सोडा. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता ना? ज्याला आपली बाजू खरी वाटते तो असा घाबरतो का? दुनियेवर संशय घेणारा मी, त्या एका चेहऱ्यावर मात्र मी संशय घेतला नाही. घेतला असता तर मला विचारावं लागलं असतं.

इथपर्यंतचं मी कधी कधी थोडंफार, नावं बदलून, तरुण वकिलांना सांगितलेलं आहे—शपथेच्या तरतुदीचा किस्सा म्हणून. ते हसतात, दाद देतात. पण जे कधीच सांगितलं नाही ते आता येतं आहे.

वकीलसाहेबांनी विचारलं होतं, "नागपूर, त्याने नकाराचं काही सबळ कारण सांगितलं तर? जज्ज लिहून घेईल, आणि मग नकाराची धार जाईल." बरोबर होतं. गफूरभाईने भावाची गोष्ट सांगितली असती, तर कोणत्याही माणसाला ती पटली असती. मग मी—ऐका—मी त्यांना म्हटलं, त्याची म्हातारी आई त्याच्या बाजूची साक्षीदार आहे. ती थकलेली आहे. तिची साक्ष आधी होऊ द्या. साक्ष झालेल्या माणसाला कोर्टात बसता येतं. ती बसली, की मग उठा आणि शपथेचं बोला.

"त्याने काय होईल?"

"कारण सांगणार नाही तो."

त्यांनी पुढे विचारलं नाही. पक्के वकील होते ते.

म्हणजे मी त्याचं गुपित फोडलं नाही. एक शब्दही नाही. ते खरंच माझ्या पोटात राहिलं. मी फक्त त्याला अशा जागी उभं केलं, की ते त्याच्याही पोटातच राहावं. कळतंय ना मी काय केलं ते?

मृग लागायच्या आधीची तारीख होती. कोर्टात पंखा ओढणारा पेंगत होता. वकीलसाहेब उठून जज्जांना म्हणाले, वादीची आई वृद्ध आहेत, त्यांची जबानी आधी घ्यायला आमची काही हरकत नाही. जज्जांना तो दिलदारपणा वाटला. म्हातारीने पांढऱ्या ओढणीत तोंड अर्धं झाकून सांगितलं, पाटलाच्या बापाने तिच्यासमोर म्हटलं होतं, पाणी अर्धं तुमचं, हमेशा के वास्ते. मग तिला भिंतीशी बाकावर बसवलं. ती मुलाकडे बघत बसली.

गफूरभाईची प्रतिज्ञा झाली. त्याने नीट, न अडखळता सगळं सांगितलं. आणि मग वकीलसाहेब उठले. वादीने इथल्या जुम्मा मशिदीत कुराण हाती घेऊन एवढंच सांगावं, की पाणी कायमचं दिलं होतं. माझे अशील दावा कबूल करतील.

कोर्टात चुळबुळ झाली. गफूरभाईचा वकील तर खूषच झाला, त्याने त्याला कोपराने ढोसलं आणि कुजबुजला, "म्हण की हो. सुटलास." बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"नाही साहेब," गफूरभाई म्हणाला. "मी खरं सांगून राह्यलो. पन कसम नाही खात."

जज्ज पुढे वाकले. "का? खरं आहे तर भीती कसली? कारण सांगा, लिहून घेतो."

तेव्हा त्याने मान वळवली. आधी बाकाकडे, आईकडे. मग माझ्याकडे. मी खुर्चीवर होतो. मी नजर खाली घातली नाही, हे मी तुम्हांला खरं सांगतो—मला बघायचं होतं, माझा अंदाज बरोबर निघतो की नाही. त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटताना मी पाहिलं. म्हातारीला आधी का बोलावलं, शपथेचं कुणाला सुचलं, खरबूज कुणी खाल्लं.

"कारन हाय साहेब," तो म्हणाला. "सांगता येत नाही."

जज्जांनी लिहून घेतलं. बाहेर त्याचा वकील त्याच्यावर ओरडत होता. निंबाखाली म्हातारीने मुलाचा सदरा धरला आणि विचारलं, "कायकू नै खाया रे? सच्चीच तो थी. सच्ची बात की कसम कू डर गया तू?" तिचा हात सोडवून त्याने तिच्यासाठी टांगा बघायला सुरुवात केली. मी चार हातांवर उभा होतो. मी ऐकलं.

मी नागपूरला परत गेल्यावर, दिवाळीनंतर निकाल लागला. दावा फेटाळला. निकालात शपथेच्या नकाराचा उल्लेख होता. दुसरंही बरंच होतं, कागद नाही वगैरे. नुसत्या नकाराने तो हरला असं मी म्हणणार नाही. पण गावात मात्र नकारच उरला. गफूर बागवानाने कुराण उचललं नाही, म्हणजे खोटाच. बाजारात त्याच्या टोपलीजवळ उभं राहून बायका म्हणायच्या, "भाव खरा सांगजो बाप्पा, नाही तं घेजो कसम." मी पुढच्या सुट्टीत हे स्वतः ऐकलं. बायका हसत होत्या. तोही हसला, आणि काकड्या तोलून दिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बाग राहिली नाही. जमीन होती, पाणी नव्हतं. तो खामगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये सरकी उपसायच्या कामाला लागला. जाताना रस्त्यात भेटला. मला वाटलं आता बोलेल, आणि माझं उत्तर तयार होतं—कायद्याचं. तो म्हणाला, "सलाम, वकीलसाहेब." पूर्वीसारखंच, थट्टा न करता. मी आजपर्यंत त्या सलामात काही लपलेलं होतं का, हे शोधतो आहे. सापडत नाही.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. मुलगा खरी शपथ घ्यायला भ्याला, असंच मानत गेली. तिला कुणी दुसरं सांगितलं नाही. तो सांगू शकत नव्हता आणि मी सांगितलं नाही.

बाबांच्या शेवटच्या आजारात मी जवळ होतो. एकदा ग्लानीतून जागे होऊन ते म्हणाले, "आधं पानी त्याइचंच होतं रे." मी विचारलं नाही, तुम्हांला हे तेव्हा ठाऊक होतं का. मी म्हटलं, पडून राहा बाबा. इतकी वर्षं लोकांच्या तोंडून सत्य उपटायचा धंदा केलेला माणूस मी, आणि एका मरणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नाही. कारण उत्तर मिळालं असतं, तर विहीर तेव्हा माझी होणार होती.

झाली. संत्री फार वर्षं टिकली नाहीत, पण विहीर आहे. गफूरभाई खामगावलाच वारला. दोन वर्षांमागे त्याचा मुलगा करीम गावात परत आला. जिनिंगच्या धुळीने छाती खराब झालेली, म्हणून बापाची जमीन बघू म्हणाला. तो माझ्याकडे आला, दाराशी चपला काढल्या, आणि विनंती केली की आपल्या विहिरीचं पाणी थोडं द्या, मी पाण्याचा वाटा देईन. आमच्याकडे रीतच आहे—ज्याची विहीर त्याला पिकातला चौथा हिस्सा.

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. मलाही होतं. शब्द ओठांवर आले होते, असंसुद्धा मी म्हणणार नाही, आले नव्हते. मी म्हटलं, ने. त्याचे डोळे भरून आले. "अब्बा म्हनत, बापू मोठा वकील हाय, त्याच्या पोटात गोष्ट राहते." असं म्हणून तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मी त्याला वर उचललं, मोठ्या मायेने.

आता त्याची मिरची आली आहे. गफूरभाईसारखीच, लांब आणि तिखट. काल त्याने चौथा हिस्सा मोजून आमच्या ओसरीवर आणून ओतला, उरलेला बाजाराला नेला. मी माप पाहिलं, बरोबर आहे म्हटलं, आणि ती आत ठेवायला सांगितली.